मॅटवरचं एरंडेल

कबड्डीत मध्यंतर पाच मिनिटांचं. वीस मिनिटं खेळ, पाच मिनिटं दम खायचा, बाजू बदलून पुन्हा वीस. त्या पाच मिनिटांत माझ्या पोरांनी मल्लखांब दाखवायचा, असं मंडळानं ठरवलं होतं. आदल्या वर्षी तिथे डीजेवर नाचणाऱ्या मुली होत्या, त्यावर गावात बोंब झाली, म्हणून यंदा आम्ही, म्हणजे संस्कृती.

मी दोरीचा मल्लखांब सुचवला होता. त्याला तेल लागत नाही, आणि कमानीच्या लोखंडी सांगाड्याला दोरी बांधली की मैदानाच्या कडेलाच काम झालं असतं. पण यूट्यूबवाला कॅमेरामन म्हणाला, "सर, फ्रेममध्ये येत नाही. मधोमध घ्या." मधोमध म्हणजे मॅटवर, म्हणजे लोखंडी बैठकीचा, उचलून आणायचा खांब.

खांबाला एरंडेल लावतात हे बघणाऱ्यांना ठाऊक नसतं. लाकूड कोरडं राहिलं तर फिरकी घेताना मांडीची सालं निघतात. जास्त लावलं तर अढी, म्हणजे पायांची पकड, बसत नाही, पोरगं तसंच घसरत खाली येतं. म्हणून तेल लावून मग तळहातानं असं जिरवायचं की चकाकी दिसावी, पण थेंब धरू नये. वर हाताला राळ. वीस वर्षं हे काम मी कुणाला करू दिलेलं नाही. त्या रात्री थंडी होती. थंडीत एरंडेल दाट होतं, पसरत नाही, आणि हात सैल सुटतो. माझा सुटला.

निवेदकाला चिठ्ठी लिहून दिली होती: मल्लखांबाला नवा जन्म देणारे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर, मग १९३६ चं बर्लिन ऑलिंपिक, तिथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं केलेली मल्लखांबाची आणि कबड्डीचीही प्रात्यक्षिकं. म्हटलं, कबड्डीच्या गर्दीला नातं कळेल. त्यानं चिठ्ठी खिशात घातली आणि म्हणाला, "आता थोडी करमणूक!"

तीही लगेच नाही. आधी सत्कार. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचे दोन शब्द. पाच मिनिटं तिथेच संपली आणि सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, घड्याळाकडे बघायला लागले. आम्ही धावत ताडपत्री अंथरली, सहा जणांनी खांब आणला. सलामी, दसरंग, शेवटी मनोरा. मधे सातवीतला एक पोरगा खांबाच्या बोंडावर, म्हणजे वरच्या टोकावर, एका पायावर उभा राहिला, हात पसरून, आणि शिट्ट्या मारणारी गॅलरी एकदम चिडीचूप झाली. एवढ्यासाठीच मी असल्या ठिकाणी जातो.

पाहुण्यांनी माइकवरून हाक मारली, "बाळा, इकडे ये रे!" पोरगा ताडपत्रीवरून उतरला आणि अनवाणी, सरळ मॅटवरून धावत गेला. पाचशेची नोट घेऊन तसाच परत आला.

मी ते पाहिलं होतं. फ्लडलाइट तिरपा पडला होता, निळ्या मॅटवर छोटी छोटी पावलं चकाकत होती. लक्ष्मीच्या पावलांसारखी. वाटलं, पुसणारी पोरं आहेत, पुसतील. त्यांनी पुसलंही, कोरड्या टॉवेलनं. घाम टिपला जातो, एरंडेल पसरतं.

चौथ्या-पाचव्या चढाईला डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूनं घोटा धरायला झेप घेतली, आणि ज्या पायावर भार होता तोच सरकला. गुडघा आत वळलेला मला लांबूनही दिसला.

सरपंचांनी मॅटवर बोट फिरवलं, हुंगलं. "तेल आहे." मैदानभरची सगळी तोंडं माझ्याकडे. एक कार्यकर्ता राळेचा डबा घेऊन धावला, "सर, ही टाका, पकड येईल." तेलात राळ म्हणजे मलम. त्यात पाय चिकटून दुसऱ्याचा गुडघा गेला असता. मी प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट मागितलं. खोबरेल, गोडेतेल स्पिरिटला दाद देत नाही, एरंडेल विरघळतं. स्पिरिट, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. गुडघ्यांवर बसून मीच पुसलं. मॅटचे दोन तुकडे तरीही नीट होईनात, ते उपसून बाहेरच्या कडेचे बसवले. तेवढा वेळ निवेदक विनोद सांगत होता.

त्या खेळाडूची शस्त्रक्रिया टळली, पण मोसम गेला. दवाखान्यात गेलो तेव्हा मलाच म्हणाला, "तुमची पोरं भारी करतात, सर."

मंडळाच्या अहवालात लिहिलंय, ‘दवामुळे मॅट निसरडी झाल्याने’. माझी सही लागणार नव्हती. मला फक्त वाचायला दिला होता. वाचला आणि परत केला.

परवा सराव संपल्यावर तो सातवीतला थांबला. "सर, तो दादा दवामुळेच पडला ना?"

मी खांब पुसत होतो. हो म्हणालो.

तो जरा वेळ उभा राहिला. मग माझ्या हातातलं फडकं मागून घेतलं, फरशीवर पाय टाकण्याआधी दोन्ही तळपाय पुसले, आणि घडी करून परत दिलं.