चौथी रिंग: ह्या वेळी हात नाही सुटला (रिग अपडेट, गुऱ्हाळघरातून)

मंडळी, अडथळ्यांच्या शर्यतीत रिग असते, म्हणजे उंच टांगलेल्या रिंगांना लटकत हातांवर पुढं जायचं आणि शेवटी घंटा वाजवायची. तसलीच मी सरावाला बांधलीय, आणि काल संध्याकाळी पावणेसातला सहाच्या सहा रिंगा पार करून शेवटची घंटा वाजवली. घंटा म्हणजे बैलाच्या गळ्यातली, मावसभावानं शेडच्या छताच्या कैचीला बांधून ठेवलेली, पण वाजली ना! तीन रेसा, सतरा महिने आणि दोन्ही तळहातांची सालं गेल्यावर वाजली. खाली उतरून मी एवढा ओरडलो की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली.

फेब्रुवारीतली माझी रडारड ज्यांनी वाचलीय त्यांना मागचं सगळं माहितीय, नव्यांसाठी थोडक्यात. दहा किलोमीटरवाली रेस, पुण्याजवळ, आठ फुटी वॉल कुणाचा हात न घेता गेली, सँडबॅग न टेकवता गेली, दोर तर एका दमात गेला, आणि मग रिग. पहिली रिंग, दुसरी, तिसरी, चौथीला हात घातला आणि धप्प. त्याआधीच्या दोन्ही रेसांनापण चौथीच. अडथळा चुकला की शिक्षा म्हणून तीस बर्पी (जमिनीवर आडवं व्हायचं, उठायचं, उडी मारायची), त्या मारल्या सोललेल्या हातांनी, खाली बारीक खडी, अठराव्या बर्पीला मी स्वतःला विचारलं की रविवारी सकाळी माणसं पोहे खात असतात तेव्हा आपण हे का करतोय. तिथला व्हॉलंटियर पोरगा मोजत होता, एक बर्पी अर्धवट झाली म्हणून त्यानं धरली नाही. तो बरोबर होता म्हणून जास्त राग आला.

दोराचं दोन ओळीत सांगतो कारण ते सुख वेगळंच आहे. तालमीत लहानपणी नुसत्या हातांवर दोर चढायचो त्यामुळे पाय वापरायची सवयच नव्हती, जे-हुक शिकायला आठ दिवस लागले आणि आता दोर म्हणजे विश्रांतीची जागा झालीय. बुटाखालून दोर घ्यायचा, दुसऱ्या बुटानं वरून दाबायचा आणि उभं राहायचं, बस. भाची दोरीच्या मल्लखांबाला जाते, तिनं बघितलं आणि म्हणाली मामा बूट काढ आणि अंगठ्यात धर. अगं बाई, चिखलात भिजलेला मनगटाएवढा दोर अंगठ्यात कसा धरू!

तर रिग. सतरा महिन्यांत मी कुणाकुणावर खापर फोडलं ते आधी कबूल करतो.

पहिल्यांदा वाटलं पकड कमी पडतेय. मग लटकणं सुरू केलं, बत्तीस सेकंदावरून एक मिनिट पंचवीस सेकंदांवर आलो, पाच महिने गेले, आणि रेसला चौथी रिंग.

मग वाटलं पाइप जाड आहे. हे मात्र खरंच होतं आणि नवीन रिग करणाऱ्यांनी कान देऊन ऐका. मी दुकानात जाऊन दीड इंची जीआय पाइप मागितला, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, आणि घरी आणून कॅलिपर लावला तर बाहेरून अठ्ठेचाळीस मिलिमीटरच्या वर! फौंड्रीत काम करतो मी, रोज कॅलिपर हातात, आणि पाइपचं माप आतल्या भोकाचं असतं हे विसरलो. बोटांना अंगठा भिडतच नव्हता. लटकायला एक इंची घ्या, तो बाहेरून साधारण चौतीस मिलिमीटर भरतो. पाइप बदलला, घरी एकदम सोपं झालं, रेसला चौथी रिंग.

मग ग्लोव्ज. बाराशे रुपये, नाव घेत नाही, कोरड्यात झकास आणि ओले झाले की साबणाची वडी धरल्यासारखं. सध्या त्यानं बाइकची चेन साफ करतो. मग चॉक, म्हणजे हाताला चोळायची पांढरी भुकटी. चॉक कोरड्या कातळावर चढणाऱ्यांसाठी आहे, चिखलाच्या खड्ड्यातून वर आलेल्या माणसाच्या हातावर त्याची लापशी होते.

आता खरी गोष्ट. फेब्रुवारीच्या रेसचा एक व्हिडिओ बायकोनं काढला होता, अकरा सेकंदांचा, त्यातले चार सेकंद तिचा अंगठाच दिसतोय. तो मी रागानं बघितलाच नव्हता. एप्रिलमधे एका रात्री झोप येईना म्हणून स्लो करून लावला, त्याच्याशेजारी घरच्या गच्चीवरचा व्हिडिओ लावला, आणि बघत बसलो. दोन्हीकडे हातच बघत होतो. वीसेक वेळा बघितल्यावर पाय दिसले.

घरी माझे गुडघे दुमडलेले आहेत! कारण गच्चीवरचा पाइप आठ फुटांवर, खाली फूटभर पट्टा, त्याला रिंग, आणि मी पाच नऊ. सरळ लटकलो तर पाय जमिनीला घासतात, म्हणून गुडघे मागं दुमडून लटकायची सवय लागली. म्हणजे मी तोपर्यंत कमरेतून झोका घ्यायला शिकलोच नव्हतो, हातांनी ओढत एका रिंगेवरून दुसरीवर जात होतो. आणि रेसमधे पाय मोकळे होते तर मी ते पोत्यासारखे लोंबत ठेवलेले.

मग चौथीच का, हेपण उलगडलं. सुरुवातीला फळीवरून उडी मारून आपण पहिली रिंग धरतो, त्या उडीचा जोर अंगात असतो, तो दोन-तीन रिंगा पुरतो. चौथीला तो संपलेला असतो. तिथून पुढं झोका आपण स्वतः तयार करायचा असतो आणि माझ्याकडं तो नव्हताच, मधेच मेलेला झोका, एका हातावर सगळं वजन, आणि दुसरा हात पुढच्या रिंगेच्या वीतभर अलीकडं हवेत. पकड कितीही असू दे, तिथं कोण टिकणार.

आणखी एक. घरचा पट्टा फूटभर, रेसमधला अडीच फूट तरी असावा. झोका जेवढा लांब तेवढा सावकाश, शाळेत लंबक शिकलोय ना आपण. घरचं एक जाणं-येणं मोजलं तर दोन पूर्णांक चार सेकंद, रेसचं व्हिडिओवरून दोन पूर्णांक आठच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो पण हात सोडायची वेळ त्यानंच चुकते. हात सोडायचा तो झोका मागच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा, मागचा हात सोडला की पुढचा अख्खा झोका आपला, आणि पुढच्या टोकाला पुन्हा क्षणभर थांबतो तिथं रिंग धरायची. मी घरच्या तालावर मधेच सोडत होतो.

म्हणजे उंची पाहिजे. सोसायटीत उंच काही बांधू देत नाहीत, गच्चीवरच्या पाइपलाच सेक्रेटरींनी दोनदा हरकत घेतलीय (कपडे वाळत घातले की हरकत नाही, माणूस लटकला की हरकत). झाडाला बांधायचं तर सहा रिंगा सरळ रेषेत देणारी फांदी सापडत नाही. आणि तेवढ्यात आठवलं, कागलकडं मावसभावाचं गुऱ्हाळ. हंगाम संपला की शेड दिवाळीपर्यंत रिकामं. कैची चौदा फुटांवर, लोखंडी अँगलची, काहिलीतली वाफ निघून जावी म्हणून उंच बांधलेली.

विचारायला गेलो तेव्हा शेवटचा ऊस चालू होता. मावसभाऊ म्हणाला, "ह्यात मिळतंय काय?"

"मेडल."

"सोन्याचं?"

"न्हाई."

"आणि पैसं तू देतोस?"

"व्हय."

जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "चुलवाणावरची राख काढायला ये उद्या, तेपण तुला फुकटात करू देतो."

तिथंच एक बघितलं ते सांगायलाच पाहिजे. मी कौतुकानं वीस किलोच्या सँडबॅगचे फोटो टाकतो इथं. शेजारच्या रानात तोड चालू होती, तोडकरी बायका डोक्यावर उसाची मोळी घेऊन, ट्रॉलीला तिरकी लावलेली हातभर रुंदीची फळी चढत होत्या, वर मोळी टाकून परत खाली. मी एक मोळी उचलून बघितली, खांद्यावर घेतली, डोक्यावर नाही, फळीवर तीन पावलं गेलो आणि उतरलो. त्यातली एक म्हणाली दादा चप्पल काढा मग जमंल. मी काढली. नाही जमलं.

असो. सामान. पट्ट्यांसाठी जिमचं काही घेऊ नका, ट्रकवर माल बांधायचे रॅचेट पट्टे घ्या, निम्म्या पैशात आणि मजबूत, वर लांबी पाहिजे तशी कमी-जास्त करता येते. रिंगा कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतल्या, सळई वाकवून वेल्डिंग. कारागिरानं वेळेत दिल्या पण जोडावर ग्राइंडर मारलाच नव्हता, पहिल्याच दिवशी तळहाताचा घट्टा मुळासकट निघाला. दहा दिवस घरी. चूक माझीपण, घेताना हात फिरवून बघायला पाहिजे होता. तेव्हापासून आईची वजरी आणून आठवड्यातून दोनदा घट्टे घासून सपाट करतो, रात्री कोकमतेल. घट्टा असू द्या पण उंचवटा ठेवू नका, उंचवटाच पकडीत अडकतो आणि सोलतो. खाली पडायला मॅट नाही, वाळलेल्या चिपाडाचा कमरेएवढा ढीग घातलाय. जगात ह्याहून भारी क्रॅश मॅट नसेल, फक्त अंगाला खाज सुटते आणि मुंग्या चावतात, आणि हंगामात हेच जाळायचंय म्हणून भाऊ दर वेळी ढीग किती दबला ते बघतो.

मे आणि जून फक्त झोका. पुढं जायचंच नाही, दोन रिंगा धरून जागेवर झोका चढवायचा. मागं जाताना कंबर मागं, खाली येताना पोट पुढं, पाय चाबकासारखे. आईला व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, हे तर पंचमीचं! नागपंचमीला आम्ही उभ्यानं झोका चढवायचो तो असाच, फांदीला पाय लावून यायचो, तुला हे शिकायला दीड वर्ष लागलं? आता काय बोलणार.

जुलैत पुढं सरकायला लागलो. चौथी गेली त्या दिवशी इतकं आश्चर्य वाटलं की पाचवी धरायचीच विसरलो. मग पाचवीला चार दिवस, आणि काल सगळी. तोंडानं मोजत होतो, "मागं... सोड, पुढं... धर." पकडीला सांगायचं तर काही त्रासच नाही. सतरा महिने कमावलेली पकड निम्मीसुद्धा लागली नाही.

आता आनंदावर पाणी. आज सकाळी मुद्दाम हात चिखलात बुडवून गेलो. तीन प्रयत्न: पाचवी, चौथी, पाचवी. घंटा नाही. ओल्या हाताला झोका मोठा झाला की जास्तच निसटायला होतं, कारण खालून जाताना वजन वाढल्यासारखं होतं, आणि नेमकं तिथंच बोटं उघडतात. म्हणजे झोका पाहिजे पण लागेल तेवढाच. टोपीच्या आतल्या बाजूला हात पुसून बघितला, थोडा फरक. तालमीत पैलवान हाताला कोरडी माती लावतात ते आठवून रिगच्या बाजूची माती चोळली, टोपीपेक्षा बरी निघाली, पण पावसाळ्यात कोरडी माती आणणार कुठून. कमरेला झिपच्या पिशवीत नॅपकिन, हा उद्याचा प्रयोग.

काहीजण म्हणतील तीस बर्पी मार आणि पुढं जा, मला त्या साडेतीन मिनिटांत पडतात. खरं आहे, पण मला ह्या अडथळ्यांच्या शर्यतींच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा बँडवाला नियम जास्त पटतो, बर्पी-बिर्पी नाही, पाहिजे तेवढ्या वेळा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर मनगटावरचा बँड कापतात. तालमीत वस्तादांना हे सांगत होतो, वर सांगितलं की २०२८ च्या ऑलिंपिकला मॉडर्न पेंटॅथलॉनमधली घोडेस्वारी काढून अशीच अडथळ्यांची शर्यत घातलीय. वस्ताद म्हणाले, "घोडं सुटलं बिचारं."

प्लॅन असा होता की दिवाळीनंतरच्या रेससाठी आता पळणं वाढवायचं, पन्हाळ्याचा चढ आठवड्यातून दोनदा. पण लिहिता लिहिता वाटतंय की हीच जुनी चूक परत करतोय मी. रिगचा सराव नेहमी ताज्या अंगानं करतो, आणि रेसला तिथं पोचतो तेव्हा छाती धडधडत असते. त्यामुळं पन्हाळा आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस गुऱ्हाळाच्या वाटेवर चारशे मीटर पोतं घेऊन पळायचं आणि दम न घेता थेट रिंगेला हात, ओल्या हातानं. दिवसाला पाच फेऱ्या, आकडे टाकतो इथं.

आणि आत्ता आणखी एक डोक्यात आलं. रिगमधे फिरणारं चाक असतं बघा, ज्याच्यावर माझी अजून वेळच आली नाही कारण ते रिंगांच्या पुढं असतं. गुऱ्हाळाच्या मागं जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव पडलीय. आडवी टांगली आणि मधे बेअरिंग बसवलं तर? बेअरिंग फौंड्रीतल्या भंगारात मिळेल. भावाला फोन केला तर म्हणतोय तिच्यावर कोंबड्यांचं खुराडं ठेवलंय. रविवारी जाऊन व्यास मोजून येतो. खुराड्याखाली ठेवायला चार विटा घेऊन जाणारे.