बरणी वाजली

सामान बांधायच्या कामात चौदा वर्षं झाली, पण जुन्या नाशकातल्या त्या वाड्याचा दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. भद्रकालीच्या गल्लीत टेम्पो शिरेना. सगळं डोक्यावरून बाहेर आणायचं, म्हणजे प्रत्येक खोक्याची एक चढ-उतार जास्त. आजी ऐंशीच्या पुढच्या, लेकाकडे डोंबिवलीला कायमच्या निघालेल्या.

तांब्या-पितळेचं लवकर आवरलं. त्याला पोचा आला तर तांबट काढून देतो. चिनीमातीचं तसं नाही. बशा आडव्या रचल्या की सगळा भार आणि गाडीचा दणका तळच्या बशीवर येतो, म्हणून मी त्या उभ्या लावतो. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्यावर उतरते, म्हणून आत कोरा कागद आणि त्यावर बबल रॅप. कपाच्या कानात कागदाचा बोळा.

एवढी काळजी का, तर नवा असताना कसारा घाटात एका बाईंचा अख्खा टी-सेट माझ्या हातून गेला होता. खोकं चांगलं पाच पदरी होतं, पण वर चार बोटं जागा मोकळी राहिली होती. तेवढीच नडली. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांचं खोकं टेप लावून उचललं, तर आजी म्हणाल्या, "थांब रे बाळा, वाजतंय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. खोकं कानाशी धरून हळूच हलवलं. अगदी बारीक 'टक'. टेप फाडली. मोठ्या बरणीचं झाकण मी बरणीवरच ठेवून गुंडाळलं होतं, ते काठावर घासत होतं. घाट उतरेपर्यंत काठाचा टवका नक्की उडाला असता. चूक माझीच.

झाकण वेगळं गुंडाळलं. फटी भरायला कागद कमी पडला, तेव्हा आजींनी ट्रंकेतून एक विरलेलं नऊवारी काढून दिलं. "हे कोंब. हे नेसून मी त्यात वीस वर्षं लोणचं घातलंय."

डोंबिवलीत खोकं मीच उघडलं. आजी खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. बरण्या ओट्यावर ओळीने लागल्या, टवका कुठेही नव्हता. आजींनी लुगड्याची घडी घातली, मग कोरे कागद एकेक करून मांडीवर हाताने सारखे केले आणि गठ्ठा माझ्याकडे दिला.

"पुढच्या घरी लागतील तुला."