आमची वाटचाल: गाडीच्या नावापुढे लोक काय लिहितात

सांगलीत शंभर फुटी रोडवर आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. आम्ही तयार कव्हर आणून चढवत नाही. सीटच्या मापाचा फर्मा, म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना, काढतो, त्यावरून कव्हर कापतो, शिवतो आणि बसवून देतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धंदा सुरू केला तेव्हा मुख्य काम वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या खासगी गाड्यांचं होतं. तासगाव, विटा, जत या वाटांवर धावणाऱ्या कमांडर आणि ट्रॅक्स जीपगाड्या. रेक्झिन जाड, फोम कडक, टाका दुहेरी, एवढं असलं की ड्रायव्हर खूश. मॉडेलं बोटांवर मोजण्याइतकी होती. मारुती ८०० ची नवी बॉडी १९८६ ला आली आणि २०१४ च्या जानेवारीत गाडी बनायची थांबली. मधल्या सगळ्या काळात तिच्या फर्म्यात आम्ही किरकोळच फेरफार केले.

आता एकाच गाडीच्या वरच्या आणि खालच्या मॉडेलच्या सीटा वेगळ्या असतात. कुठे मागची सीट ६०:४० अशी दुमडते, कुठे मधे आर्मरेस्ट असतो. कुठे सीटमधून गार हवा येते, तिथे बारीक भोकांचंच मटेरियल लावावं लागतं. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर कव्हरची ती बाजू उघडी ठेवायची किंवा धक्क्यासरशी उसवेल अशा दोऱ्याने शिवायची. यात हयगय चालत नाही, माणसाच्या जिवाशी गाठ आहे. एक नवा फर्मा म्हणजे आमच्या कटिंग मास्तरांचे दोन-तीन दिवस, चाचणीत जाणारं मटेरियल आणि नवी कोरी गाडी आमच्या दारात सोडून जायला तयार असलेलं गिऱ्हाईक. म्हणून पुढचा फर्मा कोणत्या गाडीचा काढायचा, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महाग प्रश्न आहे.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने अंगावर आला २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर फोमच्या लाद्या चिखल पिऊन फुगलेल्या. रेक्झिनचे रोल धुऊन काही वाचले. पण पुठ्ठ्याचे फर्मे, आप्पांच्या हातचे आणि मास्तरांच्या हातचे, सगळ्यांचा एकच लगदा झाला होता. मशीन दुरुस्त होतं, फोम उधारीवर मिळतो. फर्मे कुठे विकत मिळत नाहीत. सगळे एकदम काढायला ना पैसा होता ना वेळ. आधी कोणते, मग कोणते, हे ठरवावंच लागलं.

माझी भाची तेव्हा विलिंग्डन कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "आत्या, लोक गाडी घ्यायच्या आधी मोबाईलवर शोधतात. ते काय शोधतात ते बघूया की." तिने गुगल ट्रेंड्स उघडून दिलं. गुगलने ही सोय २००६ पासून सगळ्यांना मोफत दिलेली आहे आणि त्यात २००४ पासूनचे आलेख मिळतात. राज्य निवडता येतं, काळ निवडता येतो, यूट्यूबवरचा शोध वेगळा काढता येतो. हे शेवटचं आमच्या भागात फार उपयोगी पडतं, कारण इकडे गाडीची चौकशी वाचून कमी आणि व्हिडिओ बघून जास्त होते.

हे वापरायचं असेल तर त्यातला आकडा आधी नीट समजून घ्यावा, असं मी प्रत्येक दुकानदाराला सांगते. तिथे १०० दिसलं म्हणजे इतक्या माणसांनी शोधलं असं नसतं. त्या ठिकाणच्या एकूण शोधांत त्या नावाचा वाटा निवडलेल्या काळात जेव्हा सर्वांत जास्त होता, त्याला १०० धरतात आणि बाकीचे दिवस त्याच्या हिशेबाने लावतात. तेव्हा जिम्नीच्या आलेखातलं १०० आणि एर्टिगाच्या आलेखातलं १०० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही नावं एकाच आलेखात टाकली तरच तुलना होते. एका वेळी अनेक नावं बसतात. दुसरं म्हणजे नुसता शब्द टाकायचा नाही, खाली यादीत 'विषय' म्हणून गाडी येते ती निवडायची. नाहीतर स्विफ्टमध्ये टेलर स्विफ्टची गाणी मिसळतात, स्कॉर्पिओत वृश्चिक राशीचं भविष्य आणि सफारीत मोबाईलचा ब्राउझर. विषय निवडला की मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेले शोधही एकत्र धरले जातात.

शोधांवरून गाड्यांच्या विक्रीचा अंदाज बांधणं हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. गुगलचे अर्थतज्ज्ञ हॅल व्हॅरियन आणि ह्युनयंग चोई यांनी २००९ मध्येच दाखवलं होतं की मागच्या विक्रीच्या आकड्यांना शोधांची जोड दिली, तर चालू महिन्याच्या विक्रीचा अंदाज सुधारतो. त्यांच्या उदाहरणांत मोटारगाड्या होत्याच. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. त्यांनी शोध एकटा वापरला नाही, विक्रीच्या आकड्यांना जोडून वापरला. आम्हीही तेच करतो. सरकारच्या वाहन पोर्टलवर आरटीओनिहाय नोंदणी कोणालाही बघता येते, त्यामुळे एमएच १० ला, म्हणजे सांगलीच्या आरटीओत, कोणत्या कंपनीच्या किती गाड्या पासिंग झाल्या ते कळतं. तिथे कंपनी कळते, मॉडेल कळत नाही. ट्रेंड्सवर मॉडेल कळतं, पण सांगलीएवढ्या शहराचं चित्र पुष्कळदा पुसटच असतं. दोन्ही शेजारी ठेवले की अंदाज बांधता येतो.

यातून पहिला मोठा निर्णय आम्ही मारुतीच्या जिम्नीच्या वेळी घेतला. २०२३ च्या जानेवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये पाच दारांची जिम्नी दाखवली आणि आलेख सरळ उभा राहिला. ७ जूनला १२ लाख ७४ हजारांपासून किंमत जाहीर झाली, पुन्हा उसळी. कॉलेजची पोरं दुकानात येऊन तिचीच चर्चा करत. रोडवरच्या बऱ्याच जणांनी मला लवकर फर्मा काढायला सांगितलं. भाची आणि मी आलेखाच्या खालचा भाग बघत होतो. तिथे त्या नावासोबत लोक आणखी काय शोधतात ते येतं. जिम्नीसोबत महिंद्राच्या थारचं नाव येत होतं, दोघींत कोण भारी हा प्रश्न येत होता, ऑफरोडचे व्हिडिओ येत होते. हे बघणारे लोक होते, आवडीने बघणारे. घरात गाडी आणायचं ठरवलेला माणूस वेगळं विचारतो. ऑनरोड किती पडेल, हप्ता किती, वेटिंग किती, मागे तिघं बसतील का. आम्ही थांबलो. जिम्नी आपल्याकडे खपात थारच्या जवळपासही गेली नाही. तीच गुरुग्रामला बनलेली गाडी जपानात २०२५ च्या जानेवारीअखेर बुकिंगला आली, तर चार दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या येऊन कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. गाडी चांगलीच आहे. माझा फर्मा मात्र सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यावरच्या गाडीसाठी असतो.

जुन्या लोकांना नॅनो आठवत असेल. २००८ मध्ये तिच्याइतकी चर्चा कोणत्याच गाडीची नव्हती, २००९ ला बुकिंगही दोन लाखांवर गेलं. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. खप एकाही वर्षी लाखाला टेकला नाही.

याउलट थार रॉक्स. २०२४ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ती आली, ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासात १ लाख ७६ हजारांवर नोंदणी झाली. आलेख जिम्नीसारखाच उभा होता, पण खालचे शब्द वेगळे होते. किंमत, वेटिंग, कोणतं मॉडेल घ्यावं. त्यातच आमच्या कामाचा शब्द दिसला: पांढरी सीट. रॉक्समध्ये आतून हस्तिदंती रंग दिलेला होता आणि गाडी हातात यायच्या आधीच लोकांना ती मळणार ही काळजी लागली होती. कंपनीने पुढे फोर बाय फोरमध्ये तपकिरी रंगाचा पर्याय दिला, तोही याच तक्रारीमुळे. दसऱ्यापासून गाड्या मिळू लागणार होत्या. आमच्याकडे रंगाचे नमुने त्याच्या आधी तयार होते.

पहिली रॉक्स आली तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदार काकांची. दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला निळसर डाग. बागेत बोर्डो मारून तसेच गाडीत बसले होते. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी पांढऱ्या रेक्झिनच्या दाणेदार पृष्ठभागात असं काही मुरतं की कापडाने पुसून निघत नाही, उलट पसरतं. मास्तरांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "काका, तुम्हाला कडेला गडद पट्टा देतो, मधे पांढरं ठेवू, गाडीची शोभा जाणार नाही." सीटच्या बाहेरच्या कडेला, जिथे चढता-उतरता पँट घासते, तिथे गडद तपकिरी आणि मधल्या भागात मूळ रंग. पुढच्या सीटला गार हवेची सोय होती, म्हणून मधला भाग भोकांचा. एअरबॅगची बाजू उघडी, तिच्या कडेला पायपिंग. आज रॉक्ससाठी आमच्याकडे सगळ्यात जास्त हीच रचना जाते, आणि ती शेतकऱ्याच्या पँटीवरून सुचलेली आहे याचा मला अभिमान आहे.

आता आलेखात जे दिसत नाही त्याबद्दल. वॅगन आर २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वांत जास्त खपली, १ लाख ९८ हजारांच्या वर. पण तिची रेघ वर्षानुवर्षं सपाट. तिच्यासाठी कोणी रात्री जागून व्हिडिओ बघत नाही. पत्नीची नोकरी, मुलांची शाळा, आईचा मिरजेचा दवाखाना, यासाठी ती घेतली जाते. मे २०२५ मध्ये मारुतीने वॅगन आर, अल्टो के १०, सेलेरिओ आणि ईको या गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट द्यायचं जाहीर केलं. आमच्यासाठी ही वर्षातली सगळ्यात मोठी बातमी होती, कारण सीटमध्ये एअरबॅग आली की जुना फर्मा वापरता येत नाही. आम्ही जुना गठ्ठा लाल दोरीने बांधून वेगळा ठेवला आणि नवे फर्मे काढले. आजही जुन्या पद्धतीची बंद कव्हरं नव्या गाड्यांवर चढवलेली दिसतात तेव्हा माझा जीव खालीवर होतो. कव्हर घेताना दुकानदाराला एअरबॅगबद्दल विचारा, आमच्याकडून नाही घेतलं तरी चालेल.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरसारखा काळ तर मी पाहिलाच नव्हता. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं सांगितलं, ३ सप्टेंबरला परिषदेत ठरलं आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. या मधल्या आठवड्यांत लोक किमती शोधत होते, पण शोरूममधून गाडी बाहेर पडत नव्हती, त्यात पितृपक्ष. आमच्याही मशीन शांत होत्या. शोध आणि खरेदी यांच्यात इतकं अंतर पडलेलं असताना नुसता आजचा गल्ला बघितला असता तर कारागिरांना सुट्टी द्यावी लागली असती. आम्ही त्या दिवसांत वॅगन आर, स्विफ्ट, पंच यांची कव्हरं कापून ठेवली. नवरात्रात कारागीर रात्री उशिरापर्यंत बसले, पण एकाही गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागलं नाही.

आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे, ते ट्रेंड्सवर शोधून सापडत नाही. बेदाण्याचे आणि द्राक्षाचे पैसे उन्हाळ्याच्या तोंडाला हातात येतात, म्हणून पाडव्याला तासगाव-कवठेमहांकाळची गाडी येते. साखर कारखान्याचं ऊसबिल निघालं की वाळवा-पलूसकडची येते. आणि विटा, खानापूर, आटपाडीचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात ही मंडळी देशभर पसरलेली आहेत. ती गाडी शोधतात तमिळनाडूत, केरळात, उत्तर प्रदेशात, घेतातही तिकडेच, आणि दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला आली की कव्हर आमच्याकडे शिवून घेतात. त्यांचा शोध महाराष्ट्राच्या आलेखात येणारच नाही. म्हणून दिवाळीच्या आधी मी दक्षिणेतल्या राज्यांचेही आलेख बघते. बाहेरच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची आमच्याकडे वेगळी वही आहे, आणि फर्मा ठरवताना मी ती आलेखाइतकीच मानते.

आप्पा आता दुकानात रोज येत नाहीत, पण नव्या गाडीचं नाव काढलं की अजूनही पहिला प्रश्न तोच विचारतात, "बसणारं माणूस कोण हाय?" २५ नोव्हेंबर २०२५ ला टाटाची सिएरा पुन्हा आली तेव्हाही विचारलं. १९९१ ची ती मागच्या मोठ्या काचांची सिएरा त्यांना चांगली आठवते. तिच्या आलेखात आठवणीने शोधणारेही असणार आणि घेणारेही, म्हणून आम्ही उंचीपेक्षा नावापुढच्या शब्दांकडे लक्ष ठेवून आहोत.

नवीन मॉडेलची पहिली गाडी दोन दिवस आमच्याकडे सोडणाऱ्याला आम्ही मजुरी लावत नाही, फक्त मटेरियलचे पैसे घेतो. सिएरा घेतलेल्यांनी येताना मॉडेलची पावती सोबत आणावी, म्हणजे सीटमधल्या एअरबॅगची खात्री करूनच मास्तर कात्री लावतील.