थोरल्या आईची तुळस

थोरली आई ९२ वर्षं जगली. त्यातली ४१ वर्षं, १९७४ ते २०१४, ती माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेली, डोक्यावर तुळस घेऊन. ती गेल्यानंतरच्या पहिल्या वारीला तेच पितळी वृंदावन आम्ही सुना-नातींनी पाळीपाळीनं नेलं. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. तिनं घालून दिलेली एकेक रीत कशासाठी होती, ते वाटेत मानेला आणि पायांना कळत गेलं.

वारीची तयारी ती गुढीपाडव्यालाच सुरू करायची. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी काढायचं, कुंडीत भुरभुरायचं आणि वर चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर द्यायचा. बी खोल गेलं तर उगवत नाही. आठ-पंधरा दिवसांत अंकुर दिसतो आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघेपर्यंत रोप वीतभर होतं. मंजिरी दिसली की नखानं खुडायची, नाहीतर रोपाचा सगळा जोर बियांत जातो, पानं विरळ होतात आणि वाऱ्यापावसात नुसती काडी उरते. रोपं तीन तरी करायची. जोमाचं कोणतं ते वैशाखाच्या उन्हातच ठरतं.

पितळी वृंदावनाला तळाशी भोक नसतं, आणि घोटाळा तिथंच होतो. पावसाचं पाणी साचलं की मातीचा चिखल होतो, मुळं कुजतात आणि फलटणच्या पुढं रोप मान टाकतं. म्हणून ती रोप भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात लावायची, वृंदावनात दोन बोटं विटेचे खडे घालायची आणि त्यावर डबा ठेवायची. मुक्कामाला डबा उचलून खालचं पाणी ओतून टाकायचं. आमचं वृंदावन रिकामं सव्वा किलो भरतं, ओल्या मातीसकट तीन किलोंच्या वर जातं. त्यामुळं पाणी घालायचं ते संध्याकाळी, तळावर. रात्रभर निथळून पहाटे ओझं कमी झालेलं असतं.

वृंदावनाखाली डोक्यावर ठेवायची कापडी चुंबळ मात्र जुन्या सुती लुगड्याचीच हवी. हातभर रुंद पट्टा घ्यायचा, पीळ देत तीन वेढे घालायचे, शेवटचं टोक आतून ओवून घट्ट ओढायचं. नव्या कापडाला खळ असते, ते टाळूला काचतं. टेरिकॉट घामावर सरकतं. मधली पोकळी मोठी झाली तर वृंदावनाची बैठक थेट टाळूवर टेकते आणि तासाभरात डोकं ठणकायला लागतं. या वारीला चुंबळीसाठी तिचंच एक लुगडं फाडलं. हिरवं, काठाला विरलेलं. फाडताना कुणीच काही बोललं नाही.

दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि त्यामागं तुळस-हंडेवाल्या बायका. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. चढाला माणूस आपोआप पुढं वाकतं आणि वृंदावन कपाळाकडं घसरतं. तिथं पाठ ताठ ठेवायची, पाऊल आखूड टाकायचं. माथ्यावर वारा रोपाला धरून अख्खं वृंदावन फिरवतो, तेव्हा एक हात काठावर हवाच. आम्ही दोन अभंगांची एक पाळी धरली होती. डोकं बदलायचं ते अभंग संपल्यावर, बाजूला थांबून. चालताचालता दिलंघेतलं की हमखास कलंडतं.

बायका वाटेत पाणी कमी पितात, कारण आडोसा मिळत नाही. मग जेजुरी-वाल्ह्यापर्यंत लघवीला जळजळ सुरू होते, ताप भरतो आणि चांगली धडधाकट बाई गाडीत बसून घरी जाते. थोरली आई याबाबतीत फार कडक होती. प्रत्येक विसाव्याला तांब्याभर पाणी प्यायचंच, आणि चौघींनी लुगडं धरून आडोसा करायचा, लाजायचं नाही. १९७२च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीच्या पिठावर पोरं जगवली होती. उन्हात राबणाऱ्या अंगाला पाणी किती लागतं, ते ती तिथं शिकली. आता आम्ही लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालतो. मीठ अंदाजानं टाकू नये, जास्त झालं तर अपायच होतो.

पायांना रात्री धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल. फोड आला तर फोडू नये, वरचं कातडं गेलं की चिखलातली घाण आत शिरते.

वाटेत मैदानावर गोल रिंगण होतं, त्यात पताकांच्या मागून तुळशीवाल्या धावतात. त्याआधी डब्याभोवती चिंध्या कोंबायच्या, सैल डबा आत हिंदकळला की तोल जातो. इथं दोन्ही हात वृंदावनाला. शेवटच्या वारीत, ८२व्या वर्षी, ती धावली नाही. कडेला उभी राहून चुंबळ छातीशी धरून होती.

२०२०ला कोरोनामुळं माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारी चालली नाही. तेव्हा ती रोज संध्याकाळी अंगणातल्या तुळशीपुढं बसून आधी मुक्कामाच्या गावाचं नाव घ्यायची, मग हरिपाठ म्हणायची. आज लोणंद. आज तरडगाव. आज फलटण. तिचं एकही गाव चुकलं नाही.

पंढरीत चंद्रभागेचं स्नान झालं, नगरप्रदक्षिणा झाली, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला. घरी आल्यावर रोप मातीच्या गोळ्यासकट अंगणात लावलं आहे. आता मंजिऱ्या खुडत नाही. वाळल्या की कागदाच्या पुडीत बांधून कोरड्या जागी ठेवायच्या, पाडव्यापर्यंत.