आबांनी मला कधी विचारलं नाही

परवा बुवांचा फोन आला बाबांना. मी सुट्टीला घरी गेलेले, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते, आणि बाबांना हल्ली स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही म्हणून सगळं माझ्याही कानावर पडत होतं. रामकृष्ण हरी झालं, पाऊस कुठवर आलाय ते झालं, पेरणीचं झालं, आणि मग बुवा म्हणाले, दिंडीची भिशी गोळा करायला लागलोय, आबांची जागा यंदा कोण चालवणार? आबा म्हणजे माझे आजोबा. बाबा म्हणाले बघतो, घरात विचारून कळवतो. फोन ठेवला आणि म्हशीकडं गेले.

एवढंच झालं. पण मी पुण्याला परत आले तरी ते वाक्य काही डोक्यातनं जाईना. म्हणून लिहायला बसलेय.

घरात विचारून म्हणजे दादाला विचारून, सोनूला विचारून, हे मला कळतं. आमच्याकडं शेताचा हिस्सा जसा खाली उतरतो तशीच वारीपण उतरते, पणजोबांची आबांकडं आली, आबांची आता कुणाकडं तरी जायला पाहिजे, नाहीतर वारी मोडली म्हणतात आणि वारी मोडणं म्हणजे काय ते आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. बाबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, त्याचं मला फार काही नाही. मला लागलंय ते वेगळंच. आबांनी एवढ्या वर्षांत एकदाही मला विचारलं नाही. माळ घालतेस का, येतेस का, एकदाही नाही.

आणि मी तर त्यांच्या मागंमागं असायचे. पहाटे चारला पंपावर बादली वाजली की मी जागी व्हायचे, गोधडीतनं बघत राहायचे. आंघोळ करून आले की ओलेत्यानंच सहाणेवर गोपीचंदन उगाळायचे, दोन थेंब पाणी, परत उगाळायचं, परत एक थेंब. मग बोटानं नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत दोन सरळ रेषा ओढायच्या आणि मधे बुक्का. आरसा कधी घेतला नाही, तरी रेषा कधी वाकडी नाही. उरलेलं गंध माझ्या कपाळाला लावायचे. दादा तेव्हा झोपलेला असायचा!

ज्ञानेश्वरीपण मीच ऐकायचे. चौथी शिकलेला माणूस, ओळीखाली बोट धरून वाचायचा, एकेक ओवी दोनदा, अडली तर तीनदा, आणि कळली की मान हलवायची, कळली नाही तरी हलवायची. रोज थोडं थोडं करत अठरावा अध्याय संपला की पोथी बासनात बांधायची, डोक्याला लावायची, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. जवळजवळ नऊ हजार ओव्या आहेत. मी एकदा विचारलेलं, आबा, झाली की वाचून, आता परत कशाला? ते म्हणाले, काल जेवलीस की, आज परत कशाला जेवतीस. मला ते उत्तर तेव्हा पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलंय असं नाही, पण ते म्हणताना त्यांचा चेहरा एवढा साधा होता की पुढं काही बोलताच आलं नाही.

माळ तुटली तो दिवस तर मी कधीच विसरणार नाही. मी सहावी-सातवीत असेन. तुरीच्या पाट्यात काम करताना काटकी अडकली आणि दोरा तुटला, मणी सगळे मातीत. आबा आहे तिथं खाली बसले आणि एक पाऊलही हलवेनात, मणी पायाखाली जाईल म्हणून. मला हाक मारली. मी गुडघ्यावर बसून एकेक मणी वेचला, ढेकळं फोडून फोडून, फ्रॉकमधे गोळा केले. एकशे आठ व्हायला पाहिजे होते. ऊन केवढं होतं, मी म्हणलं आबा पाणी तरी प्या, तर मानेनंच नाही म्हणाले. माळ गळ्यात नसताना त्यांनी कधी पाणी घेतलं नाही. शेवटचा मणी सापडेपर्यंत दुपार झाली. मग घरी येऊन त्यांनी दोरा पिळला, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ओवायला मला दिलं. सगळी माळ मी ओवली. गाठ तेवढी त्यांनी मारली, गळ्यात घातली, आणि तांब्या तोंडाला लावला.

म्हणजे बघा, मणी माझ्याकडनं वेचून घेतले, माळ माझ्याकडनं ओवून घेतली, आणि तुला घालायचीय का एवढं एक नाही विचारलं. हे लिहितानापण घशाशी येतंय. मुलगी म्हणून? पण वारीत बायका काय कमी असतात का, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पाया आबा स्वतः पडायचे. मग शिकलेली म्हणून? शहरात जाणार, सगळं खाणार-पिणार, हिला नाही पाळता येणार, असं वाटलं असेल का? का माझ्यात त्यांना ते दिसलंच नाही, जे असावं लागतं?

आबा वारीतलं एक सांगायचे. मुक्कामाला पालखी पोचली की समाजआरतीच्या आधी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा एवढा गजर की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळं शांत होतं, हजारो माणसं असून. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प बसत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापर्यंत चालत जातो, काय झालंय ते ऐकून घेतो, आणि त्यानंतरच आरती होते. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आबांना ह्या रीतीचं फार कौतुक होतं, सांगताना दोन्ही हात टाळ धरल्यासारखे व्हायचे. माझेही टाळ परवापासून वाजतायत. पण ज्यांनी ऐकायचं ते मार्गशीर्षातच गेले.

तसे ते कुणाला काही सांगणाऱ्यातले नव्हतेच. आळंदीला गेले की आधी हैबतबाबांची पायरी, पंढरपूरला नामदेव पायरी, तिथं डोकं टेकलं की त्यांचं काम झालं. दर्शनबारी खूप असली तर कळसाला हात जोडायचे आणि म्हणायचे पायरी मिळाली की. आपल्याला आत घ्या असं त्यांनी देवालाही कधी म्हणलं नसावं. हैबतबाबा आरफळकरांची गोष्ट मात्र रंगवून सांगायचे, शिंद्यांच्या पदरी असलेला माणूस सगळं सोडून आळंदीला येऊन बसला आणि आजची माउलींची पालखी, तिच्यातल्या दिंड्या, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे हे सगळं त्याच्यापासून कसं लागलं. म्हणायचे, त्यानं घडी घालून दिली, आपण फक्त मोडू द्यायची नाही.

कोरोनाच्या वर्षी, २०२० ला, पालखी पायी निघालीच नाही. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, टीव्हीवर दाखवत होते. आम्ही सगळे बसून बघत होतो आणि आबा उभे. काकू म्हणाली बसा की. तर म्हणाले माउली वाटेत हाय अन् आपण बसायचं? जोपर्यंत बस दिसत होती तोपर्यंत भिंतीला न टेकता उभे राहिले. त्या वर्षानंतर त्यांचे पाय गेलेच. आधीसारखं चालणं परत झालं नाही, मग वाखरीपर्यंत जीपनं आणि तिथनं पुढं चालत. शेवटच्या वर्षी तर तेही, जाऊ दे.

चोखोबांचंपण लिहायचं होतं. पंढरपुरात नामदेव पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते अंगावर कोसळून चोखोबा गेले, आणि नामदेवांनी ज्या हाडांतनं विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती ओळखून आणली, असं सांगतात. आबा तिथं सगळ्यात जास्त वेळ थांबायचे. का ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही खाली बघून. १९४७ ला साने गुरुजींनी उपोषण केलं आणि मंदिर सगळ्यांना उघडलं, तर पणजोबा त्यानंतर कितीतरी वर्षं आत गेले नाहीत. वारी करायचे, पण बाहेरनंच माघारी. आबा तेव्हा लहान होते, पण त्यांना ते कळत होतं. एवढं बोलले आणि सुपारी फोडत बसले.

मी लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा आबा दोन दिवस कुणाशीच बोलले नाहीत. त्या दोन दिवसांबद्दल आत्ता नको. लग्नाला आले, पहिल्या रांगेत बसले, आणि माझे सासरे भेटायला आले तर आबांनी उठून, ऐंशीच्या पुढचा माणूस, वाकून त्यांच्या पायाला हात लावला, वारकरी एकमेकांच्या लावतात तसा. सासरे एवढे गडबडले की तेही तिथंच खाली वाकले. दोघं एकमेकांना उठवत होते. नवरा अजून कधीतरी रात्री ते आठवून गप्प होतो. आमच्या घरात आता दोन्ही आहे, बुद्धांची मूर्ती आहे आणि आबांनी दिलेली माउलींची तसबीर आहे, आणि मला कधीकधी वाटतं की ह्याच्यासाठीच त्यांनी मला माळेचं विचारलं नसेल, उगाच लेकीच्या गळ्यात ओझं नको. पण ते तर फार नंतरचं झालं, त्याच्या आधी केवढी वर्षं होती.

हे सगळं असंच गोल गोल चाललं होतं. मग काल रात्री काकूचा फोन आला.

बाबांनी जेवताना विषय काढला होता म्हणे. बाबांच्या गुडघ्याचं सगळ्यांना माहितीय, दादाला अठरा-वीस दिवस रजा कोण देणार, सोनूची परीक्षा. सगळे खाली बघून जेवत होते आणि काकू भाकरी वाढता वाढता म्हणाली, मी जाते. दादा म्हणाला अगं काकू तुला झेपेल का. तर म्हणे, एवढी वर्षं त्यांच्या तळपायाच्या फोडातनं सुईदोरा कोण ओवत होतं? मला वाट पाठ आहे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरेला पादुकांची आंघोळ, लोणंद, तरडगाव, फलटण, घरात बसूनच चाललेय की मी. बाबा काहीच बोलले नाहीत आणि सकाळी बुवांना फोन लावून काकूचं नाव सांगितलं.

काकू! आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात पण आलं नव्हतं. प्रत्येक एकादशी तिनं आबांच्या बरोबरीनं धरली, वारीची पडशी तिनं भरली, संध्याकाळी हरिपाठाला ती चुलीपाशी बसून म्हणायची, भाकरी थापता थापता, ताल पण चुकायचा नाही. तिच्या गळ्यात माळ आहे हे मला माहीत होतं, पण मंगळसूत्राच्या खाली असते, लक्षात राहत नाही. मी तिला विचारलं, काकू, आबांनी तुला विचारलं होतं का गं, माळ घालतेस का म्हणून?

ती म्हणाली, ते कुठं कुणाला विचारायचे. मीच म्हणलं, मला घालायचीय. म्हणले, बरं. आळंदीला नेलं, ज्ञानेश्वरीवर माळ ठेवली, बुवांनी घातली.

मी म्हणलं, एवढंच?

म्हणाली, मग अजून काय.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसले. बाबांना नाही विचारलं, दादाला नाही, काकूला नाही, म्हणजे माझ्यात काही कमी बघितलं असं नव्हतं. ज्याला पाहिजे त्यानं यावं आणि आलेल्याला बरं म्हणावं, त्यांचं सगळं एवढ्यावर चालायचं. हे कळलं तरी कुठंतरी आत वाटतंच की एकदा म्हणाले असते तर, नुसतं एकदा. ते वाटणं काही जाणार नाही, राहू दे. आणि त्यांनी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? विटेवरचा ऐकतो असं मला आबांसारखं ठाम सांगता येत नाही. माळ घातली तर ती पाळायची, ते अर्धवट करून आबांच्या नावाला बट्टा लावायचा नाही. पण हरिपाठ मला अजून सगळा पाठ आहे, ऑफिसच्या बसमधे कधी आपोआप सुरू होतो, आणि चालायला तर मला येतंच.

काकूनं मला विचारलं नाहीच, सांगितलं. पालखी पुण्यातनं निघेल त्या दिवशी पहाटे यायचं, सासवडपर्यंत माझ्याबरोबर चालायचं, दिवे घाट मी एकटी चढणार नाही. नवीन बूट घालू नको, पायातली जुनी चप्पल घाल. त्या दिवशी एकादशी असते तर खिचडीचा डबा तू करून आण, शेंगदाण्याचं कूट जास्त घाल, मिरची कमी, दिंडीतल्या म्हाताऱ्यांना चालत नाही. प्लॅस्टिकचा मोठा कागद, एक चांगली बॅटरी, आणि सुईदोरा पांढरा.

रजेचा अर्ज सकाळीच टाकलाय. साबुदाणा किती भिजवायचा ते तेवढं तिला विचारायचं राहिलं, दिंडीत किती माणसं आहेत कुणास ठाऊक.