ऑझी गेला

ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न याची अंत्ययात्रा आज, ३० जुलै २०२५ ला, लाइव्ह पाहिली. बर्मिंगहॅममधला ब्रॉड स्ट्रीट माणसांनी गच्च भरलेला, ब्लॅक सॅबथच्या नावाच्या पुलाजवळ फुलांचा खच. त्याची बायको शॅरन गाडीतून उतरली, फुलं पाहिली आणि तिला रडू आवरेना. मग मलाही आवरलं नाही.

५ जुलैलाच तर गायला होता! जिथे लहानाचा मोठा झाला त्या ॲस्टनमध्ये, व्हिला पार्क स्टेडियमवर. पार्किन्सनने उभं राहता येईना, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. आवाज मध्येच थरथरायचा, पण डोळ्यांत तीच वेडी चमक. आणि २२ जुलैला गेलाच. ७६ वर्षांचा होता.

आज गर्दी त्याच्या नावाचा गजर करत होती. इथे खोलीत एकट्यानेच मीही ओरडलो. आता ब्लॅक सॅबथचा १९७० चा तो पहिला अल्बम लावलाय. सुरुवातीलाच पाऊस आणि घंटा.