सातव्या सेलचा जोड

इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटऱ्या तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली, तेव्हा ठरवलं की आता लिथियमची बॅटरी आपल्या हाताने बांधायची. छतावर सोलर पॅनल होतेच. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे विकत घेतलेल्यातली निम्मीच क्षमता खरी वापरात येते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल रोज ८० टक्के रिकामा केला तरी काही हजार फेऱ्या टिकतो. आणि लिथियमच्या इतर प्रकारांच्या मानाने तो सहजी पेट घेत नाही. वस्तू घरात राहणार होती, म्हणून माझ्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं.

२८० अँपिअर-तासांचे १६ सेल आणले. एकेक साडेपाच किलोच्या आसपास, ३.२ व्होल्टचा. सोळा सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या पॉझिटिव्हला पुढच्याचा निगेटिव्ह असे, जोडले की ५१.२ व्होल्ट होतात आणि साधारण १४ युनिट वीज साठते. ५१ व्होल्टचा कोरड्या हाताला सहसा झटका बसत नाही म्हणून पुष्कळ लोक बेफिकीर राहतात, पण भीती व्होल्टची नाहीच. अशा एका सेलचा आतला रोध मिलिओहमच्या पाचव्या भागाइतका असतो. सोळा सेल आणि मधल्या पट्ट्या धरून सगळा मिळून पाच मिलिओहम झाला तरी शॉर्ट झाल्यावर दहा हजार अँपिअर वाहू शकतात. त्यात पाना आडवा पडला तर वितळून जाईल. मी पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेपचे तीन थर गुंडाळले, बोटातली अंगठी काढून ठेवली आणि ज्या टर्मिनलवर काम चालू नसेल त्यावर प्लॅस्टिकची टोपी घातली. फ्यूजही साधा चालत नाही. एवढा करंट तोडताना साध्या फ्यूजच्या आत ठिणगीची कमान तशीच जळत राहते. म्हणून २० हजार अँपिअर तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज घेतला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून बसवला.

सेल आले तेव्हा सगळे ३.२९ ते ३.३० व्होल्ट दाखवत होते. किती सारखे आहेत, असं वाटलं. पण या रसायनाचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. एक सेल ४० टक्के भरलेला आणि दुसरा ६० टक्के, तरी मल्टिमीटरवर फरक जेमतेम दिसतो. खरा फरक कळतो तो टोकाला, सेल पूर्ण भरत आला की. म्हणून बांधण्याआधी सगळे सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरून एका रेषेत आणावे लागतात. यालाच टॉप बॅलन्सिंग म्हणतात.

मी सोळाही सेल पॅरलल, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह, जोडले आणि १० अँपिअरचा पॉवर सप्लाय लावला. एक अख्खा दिवस गेला, आकडा हलेना. रात्री वही घेऊन बसलो. सोळा सेलचे मिळून ४४८० अँपिअर-तास, त्यातले निम्मे भरायचे, म्हणजे २२४ तास. नऊ दिवसांहून जास्त! दुसऱ्या दिवशी सगळं उलगडलं, सेल सिरीजमध्ये जोडले, बीएमएस (प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवून गरज पडली की चार्जिंग तोडणारा सर्किट बोर्ड) लावला आणि इन्व्हर्टरच्या चार्जरने ३० अँपिअरने भरायला घेतलं. पाच तासांच्या आत पहिला सेल ३.६५ ला पोचला आणि बीएमएसने चार्जिंग तोडलं. त्या क्षणी सगळ्यात मागे असलेला सेल ३.३७ वर होता. सुरुवातीचा सारखेपणा किती वरवरचा होता ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मग सेल थोडे विसावू दिले, पुन्हा पॅरलल केले आणि उरलेलं काम पॉवर सप्लायवर सोडलं.

सेल एका रेषेत आणायचं हे काम बीएमएसवर सोडून भागत नाही. त्याचा बॅलन्सिंगचा करंट बहुधा अँपिअरचा छोटा अंश असतो. दोन सेलमध्ये १० अँपिअर-तासांचा फरक असेल तर ०.१ अँपिअरने तो भरून निघायला शंभर तास हवेत, आणि तेही सेल भरत आल्यावरचेच तास धरायचे.

पॉवर सप्लायबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. सेल जोडण्याआधीच तो ३.६५ वर लावा आणि नंतर त्या बटणाला हात लावू नका. तारेत व्होल्टेज पडतो, म्हणून सेलवर आकडा कमी दिसतो आणि बटण जरा वाढवावं असं वाटत राहतं. शेवटी करंट घटला की तारेतली घट नाहीशी होते आणि तो वाढवलेला व्होल्टेज थेट सेलवर येतो. रात्री कुणी जवळ नसताना असं झालं तर सेल फुगतात.

बांधणी करताना दोन सेलच्या मध्ये इपॉक्सीचा पातळ पत्रा घातला, कारण सेलचं बाहेरचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि वरच्या निळ्या प्लॅस्टिकचा भरवसा धरता येत नाही. बीएमएसच्या बारीक तारा सतरा. त्याचा कनेक्टर खोचण्याआधी मी निगेटिव्हपासून एकेक पिन मोजत गेलो. प्रत्येक पायरीला ३.३ व्होल्ट वाढायला हवेत. २६.४ नंतर एकदम ३३.० आले आणि पुढच्या पिनवर २९.७. निगेटिव्हची तार सोडून मोजलं तर नववी आणि दहावी तार अदलाबदल झाली होती. तसाच खोचला असता तर बीएमएस जळाला असता.

इन्व्हर्टर जोडताना आधी रेझिस्टरमधून त्याचे कपॅसिटर दोन-तीन सेकंद भरून घेतले आणि मगच मुख्य स्विच टाकला. नाहीतर स्विचच्या तोंडाशी मोठी ठिणगी पडते.

मग पहिला लोड लावला, ६० अँपिअरचा. पंधरा सेल ३.२४ च्या आसपास आणि सातवा एकटा ३.१५. पोटात गोळा आला. सेल खराब निघाला असंच वाटलं. चार्जिंगला लावून पाहिलं तर तोच सातवा आता इतरांच्या वर जात होता. क्षमतेने कमी असलेला सेल टोकाला आधी भरतो आणि आधी रिकामा होतो, पण मधल्या पट्ट्यात तो असा वेगळा पडत नाही. इथे करंटची दिशा बदलली की फरकाचीही दिशा बदलत होती. म्हणजे वाटेत कुठेतरी रोध होता, सेलच्या आत किंवा त्याच्या जोडात.

मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावला. एक टोक टर्मिनलच्या धातूवर, दुसरं बसबारवर, म्हणजे दोन सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर. बाकीच्या जोडांवर ३ ते ५ मिलिव्होल्ट आणि सातव्याच्या पॉझिटिव्हवर ९०. एवढ्याशा जागेत साडेपाच वॅट उष्णता. १०० अँपिअर काढले असते तर पंधरा वॅट. प्लॅस्टिकच्या झाकणापासून बोटभर अंतरावर!

सगळं बंद करून नट काढला. टर्मिनलवर बसबार टेकल्याची खूण नखाएवढी, चंद्रकोरीसारखी होती. बसबारच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं तर भोकाच्या कडेला नख अडकलं. भोक पाडताना धातूची बारीक कोर वर आली होती आणि तिच्यावर अख्खी पट्टी तिरकी बसली होती. ठरावीक जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने नट बरोबर आवळला होता, पण दाब त्या कोरीवर पडत होता. कानशीने ती उतरवली, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पट्टी सपाट केली, टर्मिनल घासून पुसलं आणि लगेच बसवलं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर काही क्षणांत चढतो, म्हणून घासून ठेवून चहाला जायचं नाही. पुन्हा ६० अँपिअर, पुन्हा तीच दोन टोकं, चार मिलिव्होल्ट. मी ते तीन वेळा मोजलं. त्या रात्री उरलेल्या सगळ्या पट्ट्या काढून भोकांच्या कडा तपासल्या. आणखी दोन तशाच निघाल्या.

क्षमता मोजली ती दीड किलोवॅटचा हीटर लावून, सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. करंट मोजणाऱ्या शंटवर २७९ अँपिअर-तास आले. रोजच्या वापरात मी ३.४५ च्या वर, म्हणजे एकूण ५५.२ व्होल्टच्या वर, भरत नाही. तेवढ्यात सेल जवळजवळ पूर्ण भरतो.

महिन्याभराने बॅटरी बंद करून नट पुन्हा तपासले. दोन नट चतुर्थांश फेरा सरकले. मग ६० अँपिअरचा लोड लावून प्रत्येक जोडाचे मिलिव्होल्ट मोजले आणि तारीख घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहिले. पुढच्या मोजणीसाठी शेजारचा रकाना रिकामा ठेवला आहे.